झापाआडची भिंत

आमचं घर रस्त्यात गेलं असं सांगितलं की माणसं पहिलं विचारतात, "किती मिळाले?" घर कसं होतं ते कोणी विचारत नाही. म्हणून मी आधी घर सांगते, मग पैशांचं सांगेन. मधे माझी जाऊ येईल. तिला गोष्टीत कुठे बसवायचं ते मला ठरवता येत नाही, कारण ती जिथे बसते तिथलीच होऊन जाते.

पेणहून रोह्याच्या एसटीत बसलात की रामवाडी मागे पडते, आणि मग हायवेच्या कडेकडेने गावं लागतात. त्यातलं एक आमचं. भात आणि भातानंतर वाल, एवढंच पिकवणारं गाव. आमचं घर अगदी रस्त्याला लागून. पूर्वी लोक म्हणायचे, नशीबवान हो तुम्ही, दारात गाडी थांबते. रस्ता रुंद व्हायचं ठरलं तेव्हा तेच लोक म्हणायला लागले, दारातच गाडी थांबते, आता काय करणार!

घर साधं. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, वर विटांच्या भिंती, सागाचे खांब, कौलं. पुढे पडवी. विटा विकतच्या नव्हेत. माझे थोरले दीर आणि आमचे हे, दोघा भावांनी आमच्याच शेतात भट्टी लावून भाजलेल्या. मी तेव्हा ह्या घरात आलेली नव्हते, पण माझी जाऊ होती. नवी नवरी असून गुडघाभर चिखलात उभी राहून माती तुडवत होती. सिमेंट काही परवडलं नाही, म्हणून विटा मातीतच बसवल्या आणि बाहेरून चुन्याचा गिलावा केला.

मातीत बांधलेल्या भिंतीचं एक आहे. तिला उन्हाचं काही नाही, थंडीचं काही नाही, पण आडवा पाऊस लागला की आतले सांधे विरघळतात. म्हणून आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी भिंतींना झाप बांधतात. नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, चटईसारख्या विणायच्या, आणि बांबूच्या कामट्यांवर काथ्याने आवळून घराच्या चारी बाजूंना लावायच्या. घराला रेनकोटच म्हणा ना. दसऱ्याच्या सुमाराला काढायच्या, वाळल्या की चुलीत घालायच्या.

आता गावात बहुतेकांचं सिमेंट झालं. राहिलेले लोक निळं प्लास्टिक लावतात. आमच्याकडे मात्र झापच, कारण माझी जाऊ. थोरले दीर गेल्यापासून झाप तीच बांधायची. मूलबाळ नाही, अंगाने काडी, पण काथ्याची गाठ मारायला लागली की आमच्या ह्यांनासुद्धा जवळ उभं करत नसे. मी तिला बाय म्हणते. ती मला नुसतं गो म्हणते. एवढ्या वर्षांत माझं नाव तिने घेतलं असेल तर फक्त मतदानाच्या खोलीत, साहेबाने विचारलं म्हणून.

"गो, बोट घाल बघू," म्हणायची झाप बांधून झाल्यावर. "जातं का आत?"

"नाय जात."

"पाऊस तुझ्या बोटापेक्षा बारीक हाय काय?"

असलं तिचं शास्त्र. पण खरंच, एवढ्या पावसाळ्यांत आमच्या भिंतीला कधी ओल आली नाही.

मोजणीवाले आले ते भर श्रावणात. आधी नोटीस आली होती, आमच्या ह्यांनी ती देवाच्या फोटोमागे ठेवली होती, आणि आम्ही रोज उद्या येतील म्हणून वाट बघत होतो. आले त्या दिवशी असा पाऊस, की समोरची चिंच दिसत नव्हती. दोघे माणसं, छत्र्या उलट्या झालेल्या, पँटी गुडघ्यापर्यंत चिखलात. घरात या म्हटलं तर म्हणाले, नको, पाय भरलेत. पडवीतच बसले. पडवीत तरी जागा कुठे? पावसाळ्याचं सरपण आणि गोवऱ्या आतल्या भिंतीला लावून थेट वाशापर्यंत रचलेल्या. बाहेरून झाप, आतून गोवऱ्या, आणि मधे ते दोघे बिचारे, कपातल्या चहाकडे बघत कुडकुडणारे.

जाऊने त्यांना आणखी चहा दिला. वर भाजलेले पोह्याचे पापड दिले. आलेला माणूस भिजलेला असला की तिला तो कोणत्या कामाला आलाय ते दिसतच नाही. त्यातले वयस्कर होते ते झापावरून हात फिरवत म्हणाले, "मावशी, काम नंबरी आहे हो. कुणी केलं?"

झालं. जाऊची कळी खुलली. "मीच. चारी बाजू मीच. झावळ्या आमच्या वाडीतल्या. थेंब आत येत नाय, बघा, बोट घाला."

त्यांनी बोट घातलं. कौतुकाने मान हलवली. मग टेपने लांबी मोजली, रुंदी मोजली, कौलं बघितली, कागद भिजू नये म्हणून पिशवीच्या आत हात घालून लिहिलं. सही करायला सांगितली. जाऊने आपलं नाव जोडाक्षरासकट काढलं. ती सही करायला माझ्या मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकली, मीही त्याच पुस्तकावरून शिकले. फरक एवढाच, मी पुढे वाचत गेले आणि तिने म्हटलं, सही आली, आता पुस्तक कशाला?

ते गेले तेव्हा पाऊस थांबला होता. जाऊ म्हणाली, "भली माणसं हो. घर घेणार हायत पण भली हायत."

आता पैशांचं. भरपाईच्या निवाड्याचा कागद आला तो शिमग्याच्या आसपास. आमचा मुलगा धाटावला कंपनीत आहे, रोह्याला भाड्याने राहतो. तो रात्रपाळी करून सकाळी तसाच आला आणि कागद वाचायला बसला. वाचता वाचता थांबला. "आई, आपलं घर कुडाचं आहे?"

"कुडाचं? म्हणजे काटक्यांना माती लिंपतात तसलं? कोण म्हणतो?"

"हे बघ. भिंती झावळ्यांच्या आणि कुडाच्या. कच्चं बांधकाम."

आमचे हे उठले आणि भिंतीवर थाप मारून आले, जणू रात्रीतून कोणी बदलली की काय.

जमिनीचा तुकडा आमचा लहान, त्याचं जे व्हायचं ते बरोबर झालं होतं. पण घराची जी किंमत धरतात, तिच्यावरच पुढची सगळी भर मिळते. किंमतच झोपडीची धरली, तर भरही झोपडीचीच. घर दोघा भावांच्या नावावर, म्हणजे निम्मं आमचं, निम्मं जाऊचं. मुलाने गवंड्याला विचारून हिशेब घातला. निम्म्यात कोणाचंच काही होत नव्हतं. सगळे पैसे एकत्र केले तर शेताच्या कडेला एक खोली आणि एक स्वयंपाकघर उभं राहत होतं. खोली एक, आणि आम्ही तिघं. मी आणि हे एका खोलीत, आणि जाऊ कुठे?

जाऊ इतका वेळ चुलीत लाकडं सारत होती. मग म्हणाली, "माझ्याच तोंडानी झालं ह्ये."

"कसं काय वयनी?" आमचे हे म्हणाले.

"झावळ्या झावळ्या म्हणून कोण नाचली? मीच. बोट घाला म्हणून कोण सांगत होती? माझा वाटा तुम्ही घ्या भावजी. एक खोली नीट बांधा. मी अष्टमीला जाते."

अष्टमीला तिच्या भावाचा मुलगा राहतो. रोह्याहून पूल ओलांडला की लगेच त्याची बिल्डिंग. चांगला मुलगा, त्याची बायकोही चांगली, कित्येकदा बोलावलं होतं त्यांनी. म्हणून तर मला धास्ती. वाईट माणसांकडे गेली असती तर आठवड्यात परत आणली असती.

मी भांडले, रडले, अबोला धरला. तिने पिशवी भरली आणि गेली. मुलाने हरकतीचा अर्ज लिहिला, उन्हाळ्यात काढलेले घराचे फोटो जोडले. ऑफिसात ह्यांना म्हणाले, फोटो कुठल्याही घराचा असतो काका, प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल, कळवू. कधी कळवणार ते मात्र कळेना.

चुलीवर मी दोघांचा भात टाकायचे आणि तो तिघांचा व्हायचा. हाताला सवय. आमचे हे उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून मुकाट खायचे. एक दिवस म्हणाले, "जा, बघून तरी ये. मला रोज फोडणीचा भात घालून वयनी यायची नाय."

तशी मी गेले. रोह्याला उतरून रिक्षा केली. कुंडलिका नदीच्या पुलावरून जाताना वारा लागला तेव्हा मनात म्हटलं, हिला इथे बरं वाटत असेल तर आपण काय म्हणून ओढायचं? दुसऱ्या मजल्यावर गेले. जाऊ गॅलरीत बसलेली. पुढ्यात परातभर मोड आलेले वाल, बिरड्यासाठी सोलत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? बस. सोल."

मी बसले, सोलायला लागले. भिजलेल्या वालाचं टरफल दोन बोटांत दाबलं की डाळिंबी टुणकन उडते. तिची परातीत पडायची, माझ्या निम्म्या गॅलरीत.

"अजून तुला वाल सोलता येत नाय."

"तू कुठे सोलू देतेस घरी?"

खाली धाटावच्या शिफ्टची बस थांबली, माणसं उतरली. मग मी विचारलं, "बरं वाटतंय इथं?"

"वाटतंय की. पोरं गुणाची. सून मला कपसुद्धा धुवू देत नाय." मग हळूच म्हणाली, "दिवसभर काय करायचं गो माणसानी? हे वाल पण मी मागून घेतले. ती विकतचे सोललेले आणणार होती."

मी लगेच म्हटलं, "चल मग घरी."

"घरी काय ठेवलंय? एक खोली. रात्री तुम्हा नवराबायकोच्या मधे झोपू काय मी?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की सून बाहेर येऊन बघून गेली. पण ती काही आली नाही माझ्याबरोबर. सोललेलं बिरडं डब्यात भरून दिलं आणि पुलापर्यंत सोडायला आली. "भावजींना सांग, नारळ जास्त घाल म्हणावं," म्हणाली, जसे काही स्वयंपाक आमचे हे करतात.

आणि मग ज्येष्ठ महिन्यात, आभाळ भरून आलं तशी, एके सकाळी दारात रिक्षा. जाऊ उतरली. पिशवी घेऊन, पदर खोचलेला. आत न येता घराला वळसा घालून आली.

"झाप कुठाय?"

"बांधले नाहीत अजून. म्हटलं यंदा काय, घर जाणारच—"

"जाणार तेव्हा जाईल! आज उभं हाय ना? भावजी, झावळ्या पाण्यात टाका. आणि तू गो, उभी राहून बघतेस काय, चहा ठेव."

मुलगा त्या दिवशी सुट्टीवर आलेला. तो तिला मोठी म्हणतो. म्हणाला, मोठे, ह्या वर्षी नको बांधूस, पाहणीला लोक येणार आहेत, परत तेच होईल. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. झाप बांधायला म्हणून ती आली होती. झाप नकोत म्हटलं असतं तर त्याच रिक्षाने गेली असती. ते अंगणात झावळ्या विणत बसलेलं तिचं ध्यान मला पाहणीपेक्षा मोठं होतं, खरं सांगते. तिने चारी बाजू बांधल्या, बोट घालून दाखवलं, आणि जायचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही.

आणि बघा आमचं नशीब. पाहणीचा निरोप आला तो आषाढातच. उद्या इंजिनियर येतील, आणि घराच्या चारी बाजू मोकळ्या ठेवा. बाहेरून भिंत, जोत्यासकट, दिसली पाहिजे, फोटो घ्यायचे आहेत. मुलाने फोनवर विचारलं, आतून दाखवली तर? ते म्हणाले, आतून नाही चालत. लोक पैशासाठी आतून चार विटा लावून गिलावा करतात, आम्ही फसलोय. बाहेरूनच.

सकाळी आमच्या ह्यांनी शिडी लावली. जाऊ शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"भावजी, उतरा."

"वयनी, ते लोक येतील आता."

"येऊ देत. आषाढात झाप काढतात काय कोणी? भिंत भिजल."

"अगो बाय," मी म्हटलं, "भिंत पाडणारच हायत!"

"ते पाडतील. मी भिजवायची नाय."

आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. वर पावसाची धार लागलेली, दहा-अकराला साहेब येणार, आणि ही काडीएवढी बाई शिडी धरून उभी. ह्यांनी समजावलं, मुलाने फोनवरून समजावलं. ती एकच म्हणत होती. "मी जाईन अष्टमीला. मला खोली नको. पण त्यांची भिंत मी पावसात उघडी करायची नाय. त्यांनी जाताना मला दुसरं काय दिलं? भिंतीला जप म्हणाले."

थोरले भाऊजी असं सांगून गेले हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नव्हती. म्हणून ते झाप, म्हणून ते बोट घालून बघणं.

पण माझी जीभ गप्प बसायची नाही, ती कधी बसली नाही. मी म्हटलं, "बरं. नको काढू. मग सरकारच्या कागदावर कायमचं राहू दे, की थोरल्या भाऊजींनी बांधलेली भिंत झावळ्यांची होती. भट्टी लावली नाय, विटा पाडल्या नाय, तू माती तुडवली नायस. झोपडी बांधून गेले ते. राहू दे तसंच."

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता कानाखाली देते. एकदाच म्हणाली, "गो, जिभेला हाड नाय तुझ्या." आणि घरात गेली. बाहेर आली ती कोयता घेऊन.

"उतरा भावजी. गाठ मी मारलीय, मीच तोडीन."

सर सर सर काथ्या तोडत गेली. एकेक झाप खाली आला, आणि मागून भिंत निघाली. पांढरी, कोरडी ठणठणीत. भर आषाढात! रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले. भिंत अशी उघडी पावसाळ्यात आम्हीसुद्धा कधी पाहिली नव्हती. घर जरा लाजल्यासारखं दिसत होतं.

इंजिनियर म्हणून आल्या त्या एक तरुण बाई. जीपमधून उतरल्या, पाय चिखलात, डोक्यावर रेनकोटची टोपी. मी छत्री घेऊन पुढे धावले. जाऊनेही छत्री उघडली. मला वाटलं, मॅडमच्या डोक्यावर धरते. पण ती गेली थेट भिंतीकडे, आणि जिथे पागोळीचं पाणी भिंतीवर येत होतं तिथे छत्री धरून उभी राहिली.

मॅडम थबकल्या. "आजी, तुम्ही भिजताय."

"मी वाळेन. तुम्ही मोजा."

मॅडमनी मोजलं. जोत्याचा दगड बघितला, दारातून भिंतीची जाडी बघितली, खांबावर नखाने ओरखडून साग बघितला. मग म्हणाल्या, गिलावा थोडा खरवडावा लागेल, वीट बघायला. त्यांच्या माणसाने हातोडी काढली.

"हळू रे!" जाऊ ओरडली. "बाबा, तुझ्या घरचं हाय काय?"

तो बिचारा घाबरला. मॅडमनी त्याच्याकडून हातोडी घेतली आणि जाऊच्याच पुढे केली. "आजी, तुम्हीच खरवडा. कुठे खरवडायचं ते तुम्हाला जास्त कळेल."

मग जाऊने एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने, पोराच्या अंगावरची खपली काढावी तसा, तळहाताएवढा चुना काढला. आत लालभडक वीट. ओलीचा डाग नाही. मॅडमनी हात लावला. "इतक्या वर्षांची मातीतली भिंत, आणि अजून अशी? कसं काय?"

जाऊने अंगणात पडलेल्या झापांच्या ढिगाकडे हात केला. ह्या खेपेला कौतुक करून घ्यायला तिच्या तोंडातून शब्दही निघाला नाही. पोळलेली होती ना. मलाच राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. श्रावणातले ते दोघे, पापड, बोट, सगळं. मॅडम हसल्या, पण लिहीत होत्या. चहा घेतला. पापडही घेतला. जाताना म्हणाल्या, "मी जे बघितलं ते लिहीन. पुढचं वरचे ठरवतील."

जीप वळली नाही तोच जाऊ म्हणाली, "भावजी, शिडी." सगळे झाप परत बांधले तिने. काथ्या कमी पडला, तर माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या. ह्या वेळी मला आणि ह्यांना हात लावू दिला. माझी गाठ तिने दोनदा सोडून परत मारली, ते सोडा.

तो पावसाळाभर तिने चुना काढलेली ती तळहाताएवढी जागा झाप उचलून रोज बघितली. आतून थोडा पोपडा आलाय का, ओल येतेय का. आली नाही.

निकाल लागायला दिवाळी उलटली. घर पक्कं धरलं नाही, अर्धपक्कं धरलं. विहीर आणि चिंच आधी राहून गेली होती, तीही धरली. म्हणावं तसं पूर्ण मिळालं का? नाही. आमच्या शेजारच्या घराचं सरकारशी भांडण अजून चालू आहे, त्यांच्यापेक्षा आमचं सुटसुटीत झालं, एवढंच. मुलाने पुन्हा गवंड्याला विचारलं. स्वयंपाकघर आणि दोन खोल्या होत होत्या. जरा ओढूनताणून, पण होत होत्या.

मुलगा हे सांगत होता तेव्हा मी जाऊकडे बघत होते. ती मटाराच्या शेंगा सोलत होती, डोकं वर केलं नाही. म्हणाली, "दुसरी खोली केवढी?"

"पहिलीएवढीच, मोठे. तुझीच."

"मग माझ्या वाट्याचे पैसे मी घेते परत," म्हणाली. "दिलेवते ते तुमच्या एका खोलीसाठी. आता ते माझ्या खोलीत घाला."

मग शेताच्या कडेला नवीन घराचं काम चालू झालं. गवंडी विचारायला आला, दोन्ही खोल्यांच्या मधे दार कुठे सोडायचं? मी म्हटलं, मधोमध, म्हणजे रात्री हाक मारली की ऐकू येईल. जाऊ म्हणाली, "मधे दार नको. माझं दार बाहेर काढ, अंगणात."

मला इतकं लागलं. एवढं केलं, अष्टमीपर्यंत धावत गेले, जिभेला हाड नाही म्हणवून घेतलं, आणि हिला माझ्याकडे यायचं दार नको! मी गवंड्यासमोरच रडायला लागले. गवंडी भिंतीच्या दोरीला धरून उभा राहिला, काय करावं त्याला कळेना.

"रडतेस काय गो येडी?" जाऊ म्हणाली. "मधे दार असलं तर मी रुसून जाऊ कुठून? आत्तापर्यंत रुसले की परसात जाऊन बसायचे. इथे परस कुठाय? माणसाला धाडकन लावून घ्यायला एक दार लागतं."

"आणि रुसवा गेला की?"

"तुझ्या दारानी येईन. तुझं दार हाय ना? का त्याला पण कडी लावणार हायस?"

गवंड्याने दार अंगणात सोडलं. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात तिने ते धाडकन लावून घेतलं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुधा बिरड्यात मी नारळ कमी घातला म्हणून. मी चुलीपाशी बसून वाट बघितली. तिघांचा भात टाकला. तो शिजायच्या आत माझ्या दारात पावलं वाजली आणि आवाज आला, "जळतंय गो काहीतरी, नाक हाय का तुला?"